कॉलेजला सुट्टी लागते, रक्तपेढीला नाही

एप्रिल सरत आला की आपल्या वर्ध्याचे रूप पालटते. वसतिगृहांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसेनासे होतात. खानावळींचे डबे निम्म्यावर येतात. परीक्षेच्या दिवसांत ज्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तिथला दुकानदार दुपारी कूलरसमोर वर्तमानपत्र उघडून निवांत बसलेला दिसतो. सेवाग्राम, सावंगी, हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकड्या, शिवाय अभियांत्रिकी, वाणिज्य, विज्ञान अशी जागोजागी महाविद्यालये असलेले हे गाव. परीक्षा आटोपल्या की तरुण मुले-मुली बॅगा उचलून निघतात. कोणी भंडारा-गोंदियाला, कोणी यवतमाळ-चंद्रपूरला, तर कोणी थेट बिहार-उत्तर प्रदेशात.

गाव मात्र ओस पडत नाही. गावाचे स्वतःचे कार्यक्रम तर याच दिवसांत रंगात येतात. तपन चढायच्या आत मैदानांवर लहान मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात. कुठे कराटे, कुठे कबड्डी, कुठे चित्रकला आणि हस्ताक्षर. संस्कार शिबिरांतून सामुदायिक प्रार्थनेचे सूर ऐकू येतात. रात्री दिव्यांच्या उजेडात टेनिस बॉलचे सामने रंगतात. ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामजयंती, १ मे रोजी महाराष्ट्र दिन, त्याच्या मागेपुढे अक्षय तृतीया, बुद्धपौर्णिमा. बाहेरगावी नोकरीला गेलेली मंडळी घरी आलेली असतात, म्हणून माजी विद्यार्थ्यांचे मेळावेही याच दिवसांत. आणि या साऱ्यांच्या मधून लग्ने, लग्ने आणि लग्ने!

या गजबजाटात एक जागा मात्र नेमकी याच दिवसांत रिकामी होत जाते. ती म्हणजे रक्तपेढीतले शीतकपाट. आजचा लेख त्याविषयी आहे.

असे का होते, हे समजायला रक्तदान शिबिरांच्या तारखा पाहाव्यात. राष्ट्रीय युवा दिन १२ जानेवारीला, प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीला. राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस २४ सप्टेंबरला, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन १ ऑक्टोबरला, जागतिक एड्स दिन १ डिसेंबरला. या सगळ्या तारखा कॉलेज भरलेले असतानाच्या. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडे रक्तदान म्हटले की कॉलेजचा हॉल, टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक, केळी-बिस्किटे आणि प्रमाणपत्र हे चित्र पक्के झाले. चित्र चांगलेच आहे. पण त्यामुळे रक्तदान हे पोरांचे काम आहे, असा एक समज गावाने सोयीस्करपणे करून घेतला. पोरे गावी गेली की ते काम करणारे कोणी उरत नाही.

वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना सरसकट सुट्टी नसते. वॉर्ड चालू असतात, ती मुले गावातच असतात आणि रात्री-अपरात्री निकड आली की तीच खाटेवर आडवी होतात. पण ती एकदा देऊन बसली की पुढचे तीन महिने त्यांना पुन्हा देता येत नाही. हक्काचे रक्तदाते म्हणून त्यांच्याकडे किती काळ पाहायचे, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारला पाहिजे.

सुट्टी आजाराला नसते

रक्त लागते ते अपघातात, एवढेच आपल्या डोक्यात असते. अपघातात ते लागतेच, आणि लग्नसराईत रस्त्यांवर गर्दी वाढते तेव्हा अधिकच लागते. पण रक्तपेढीतून रोज जे रक्त बाहेर जाते, त्यातले पुष्कळसे बाळंतपणे, शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार आणि रक्ताचे जन्मजात आजार यांसाठी जाते.

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाचा विचार करा. त्याच्या शरीरात कामाचे हिमोग्लोबिन पुरेसे तयारच होत नाही. त्याला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि तेही जन्मभर. त्याच्या आईच्या पिशवीत एक वही असते, तिच्यात तारखा लिहिलेल्या असतात. मे महिन्यातही त्या तारखा येतात. रक्त मिळायला चार दिवस उशीर झाला की मूल मलूल होते, खेळायचे थांबते, जिना चढताना धापा टाकते. त्या आईला दर वेळी ‘बदली रक्तदाता आणा’ असे ऐकावे लागले, तर तिने दर महिन्याला कुठून माणूस आणायचा? घरातली माणसे संपली, शेजारी संपले, नवऱ्याच्या कामावरचे लोक संपले. या मुलांचे आयुष्य अनोळखी माणसाने कुठेतरी आधीच देऊन ठेवलेल्या पिशवीवर चालते.

आपल्या विदर्भात याच्या जोडीला सिकलसेल आहे. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलचा त्रास उफाळतो, आणि आपला मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. अंगातले पाणी कमी व्हायला याहून योग्य हंगाम कोणता? सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला रक्त लागते असे नाही, पण काहींना ते तातडीने लागते. म्हणजे मागणी वाढायची शक्यता आणि देणाऱ्यांचा तुटवडा, दोन्ही एकाच महिन्यात.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा तर सर्वांत घाईचा प्रसंग. काही वेळा अर्ध्या-एक तासात बाईची अवस्था गंभीर होते. त्या वेळी फोन करून रक्तदाता शोधायचा, तो येणार, त्याची तपासणी होणार, रक्त घेणार, त्याच्या चाचण्या होणार, मग ते मिळणार. तेवढा वेळ त्या बाळंतिणीजवळ नसतो. रक्त कपाटात आधीच असावे लागते.

पिशवीचे आयुष्य

‘मग कॉलेज चालू असतानाच भरपूर रक्त गोळा करून ठेवा की!’ असे कोणीही म्हणेल. सूचना शहाणपणाची वाटते, पण रक्त हे धान्य नव्हे. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात ठेवल्या तरी त्या ३५ दिवसच टिकतात. विशेष द्रावण घातलेल्या पिशवीत फार तर ४२ दिवस. प्लेटलेट्स तर अवघे पाच दिवस, त्याही सतत हलवत ठेवून. प्लाझ्मा तेवढा गोठवून वर्षभर ठेवता येतो.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. परीक्षेच्या आधीचे शेवटचे शिबिर समजा १५ मार्चला झाले. त्या दिवशीची पिशवी ३५ दिवसांच्या हिशेबाने १९ एप्रिलपर्यंत चालते, ४२ दिवसांच्या हिशेबाने २६ एप्रिलपर्यंत. म्हणजे मे उजाडायच्या आत मार्चचे सारे रक्त एक तर वापरून झालेले असते किंवा बाद झालेले असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. कॉलेजे गजबजायला जुलै उजाडतो. तोपर्यंतचे दोन-अडीच महिने गावाने स्वतःच्या दंडावर काढायचे असतात.

कॉलेजे बंद पडली की काय होते, याचा अनुभव साऱ्या राज्याने एकदा घेतला आहे. २०२० साली कोरोनामुळे महाविद्यालये बंद, कार्यालयांत तुरळक माणसे, शिबिरे जवळजवळ थांबलेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात साठा इतका खालावला की तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना रक्तदानासाठी जाहीर आवाहन करावे लागले. आवाहन केल्यावर लोक आले, हे खरे. पण दरवर्षीच्या मे महिन्यातला तुटवडा इतका मोठा नसतो, त्याची बातमी होत नाही, म्हणून त्यासाठी कोणी हाकही देत नाही. तो त्या त्या रुग्णाच्या नातेवाइकांपुरताच राहतो.

याच कारणाने एकाच दिवशी प्रचंड रक्त गोळा करण्याच्या हौसेबद्दलही थोडे बोलले पाहिजे. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवशी शेकडो पिशव्यांचे शिबिर होते, फोटो येतो, आकडा छापून येतो. त्या साऱ्या पिशव्यांची मुदत एकाच आठवड्यात संपते. खप जास्त नसेल तर त्यातल्या काही वाया जाण्याची भीती असते. एका दिवशी तीनशे पिशव्यांपेक्षा दर आठवड्याला तीस, असे दहा आठवडे झाले तर रक्तपेढीला ते शतपटीने सोयीचे. फोटो मात्र लहान येईल.

तपनीत रक्त द्यावे का?

उन्हाळ्यात रक्तदान म्हटले की घरातून पहिला विरोध होतो तो आजीचा. “काहून रे, एवढ्या तपनीत रक्त द्यायले चालला? अगोदरच आटून गेलं अंगातलं!” हे वाक्य थोड्याफार फरकाने आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. आजीची माया खरी आहे, पण तिचे शरीरशास्त्र थोडे दुरुस्त करायला हवे.

उन्हाने रक्त आटत नाही. घामावाटे शरीरातले पाणी आणि मीठ जाते. पंचावन्न किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असते. त्यातले ३५० मिलिलिटर घेतले जाते, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. लाल पेशी पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. हे वेळापत्रक थंडीत आणि उन्हाळ्यात सारखेच आहे. फरक पडतो तो एवढाच की, आधीच पाणी कमी असलेल्या माणसाने रक्त दिले तर त्याला चक्कर येण्याचा संभव वाढतो. तेव्हा काळजी घ्यायची ती पाण्याची.

ती कशी घ्यायची? आदल्या रात्री पुरेशी झोप हवी. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन तासांत पोटभर नाश्ता किंवा जेवण झालेले हवे. उपाशीपोटी कधीही नाही. अर्धा तास आधी दोन मोठे ग्लास, म्हणजे अर्धा लिटर पाणी प्यावे. साधा उपाय आहे, पण त्याने चक्कर येण्याचे प्रमाण कमी होते. चहा म्हणजे पाणी नव्हे. रक्त दिल्यावर लगेच उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणून शौर्य दाखवू नये. थोडा वेळ पडून राहावे, मग पंधरा-वीस मिनिटे सावलीत बसावे, लिंबाचे सरबत, ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. त्यानंतरच्या दिवसभरात नेहमीपेक्षा चार-पाच ग्लास पाणी जास्त. त्या दिवशी शेतातली अंगमेहनत, व्यायाम, पोहणे, क्रिकेटचा सामना हे सारे बंद. भर दुपारी मोटारसायकलवरून दहा कोस जायचे असेल तर रक्त द्यायला तो दिवस निवडूच नये. आणि डोक्याला दुपट्टा, हे वर्धेकरांना वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही गरगरल्यासारखे वाटले तर जिथे असाल तिथे आडवे व्हावे आणि पाय उंचावर ठेवावेत. काही मिनिटांत बरे वाटते. न वाटल्यास शिबिरातले डॉक्टर तिथे असतातच. घरी गेल्यावर तसे झाले तर रक्तपेढीला फोन करावा, संकोच करू नये.

ज्यांना दिवसभर उन्हात राबावे लागते, त्यांनी रक्तदान संध्याकाळी काम संपल्यावर, नीट खाऊन-पिऊन, किंवा सुट्टीच्या दिवशी करावे.

शिबिर आहेच, त्यात एक खोली वाढवा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सुट्टीत गावात कार्यक्रमांची कमी नाही. माणसे एकत्र जमतात, मांडव असतो, पाण्याची सोय असते, माईक असतो. रक्तदानासाठी वेगळा समारंभ उभा करायचीच गरज नाही.

मुलांच्या उन्हाळी शिबिराचेच घ्या. पहाटे सहाला आई किंवा बाबा मुलाला स्कूटरवर बसवून मैदानावर आणतात. साडेआठला शिबिर सुटेपर्यंत त्यातले कितीतरी जण तिथेच थांबतात, गप्पा मारतात, मोबाइल पाहत बसतात. वय तीस ते पंचेचाळीस, बहुतेक धडधाकट, आणि अनेकांनी ‘कॉलेजात असताना’ एकदा-दोनदा रक्त दिलेले! नोकरी लागली, लग्न झाले, आणि ते थांबले. का थांबले, असे विचारले तर कारण सांगता येत नाही. कोणी बोलावले नाही, हेच खरे कारण. शिबिराच्या समारोपाच्या दिवशी शाळेचा एक वर्ग मोकळा करून तिथे सकाळी सात ते दहा रक्तपेढीचे पथक बसवले, तर हे पालक तिथेच असतात. मात्र त्यांनी त्या दिवशी नाश्ता करून यायचे आहे, हे आदल्या दिवशी मुलांच्या हाती चिठ्ठी देऊन कळवावे, नाहीतर अर्धे लोक नुसत्या चहावर आलेले असतात आणि परत पाठवावे लागतात.

ग्रामजयंतीच्या निमित्ताने गावोगाव प्रार्थना, भजन, सफाई होते. बुद्धपौर्णिमेला विहारांत माणसे जमतात. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला अनेक ठिकाणी रक्तदान होते, ते रक्त मेच्या मध्यापर्यंत पुरते. त्यानंतरचा पंधरवडा आणि जूनचे पहिले दोन आठवडे हीच खरी अडचणीची जागा. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन येतो. रक्तगटांचा शोध लावणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस. त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती. मंडळांनी, बँकांनी, व्यापारी संघांनी, मोहल्ला कमिट्यांनी आपसांत ठरवून एकेक आठवडा वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून एकच शिबिर येईल आणि पिशव्यांची मुदतही एकदम संपणार नाही. हे ठरवायला एक बैठक आणि एक कॅलेंडर पुरे.

रात्रीचे क्रिकेट सामने भरवणाऱ्या मंडळांनी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ वापरावी. ऊन उतरलेले असते. खेळणाऱ्यांनी त्या दिवशी द्यायचे नाही, पाहणाऱ्यांनी द्यायचे.

लग्नाच्या मांडवात रक्तदान करण्याची पद्धत महाराष्ट्रात काही ठिकाणी सुरू झाली आहे. हेतू उत्तम, पण मला त्यात दोन अडचणी दिसतात. लग्नघरची माणसे जागरणाने दमलेली आणि अनेकदा उपाशी असतात, त्यांनी देऊच नये. आणि आदल्या रात्रीच्या वरातीत ज्यांनी मद्य घेतले, तेही बाद. उरले पाहुणे, त्यांना पंगतीनंतर आणि कूलरच्या खोलीत सोय असेल तरच बोलवावे. त्यापेक्षा वाङ्‌निश्चयाच्या किंवा स्वागत समारंभाच्या संध्याकाळी ठेवणे बरे.

शिबिर भरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, रक्त फक्त परवानाधारक रक्तपेढीच घेऊ शकते. तेव्हा तिला पुरेसे आधी लेखी कळवावे. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, मदतनीस अशी आठ-दहा माणसे गाडीतून येतात. त्यांना हवेशीर स्वच्छ खोली, खाटा किंवा मजबूत बाके, वीज, हात धुवायला पाणी आणि दात्यांना बसायला वेगळी सावलीची जागा लागते. कूलर दोन असावेत आणि वीज गेली तर जनरेटर. रक्ताच्या पिशव्या उन्हात एक क्षणही ठेवायच्या नसतात; त्यांच्या थंड पेट्या पथकाबरोबर असतात. आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर अशा लांबच्या तालुक्यांत शिबिर असेल तर परतीच्या प्रवासाचा वेळ धरून ते सकाळी लवकर संपवावे, कारण प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या तर ठरावीक तासांच्या आत रक्त पेढीत पोहोचावे लागते.

आणि भेटवस्तू देऊ नका. टिफिनचा डबा, बॅग, हेल्मेट यांच्या आमिषाने येणारा माणूस आपला आजार लपवण्याचा संभव असतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस तो चाचणीत दिसत नाही. तिथे दात्याचा खरेपणा हाच रुग्णाचा आधार असतो. पैसे घेऊन रक्त विकणारे लोक एके काळी आपल्याकडे रुग्णालयांबाहेर उभे असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो धंदा बंद झाला, तो याच धोक्यामुळे. तो डब्याच्या रूपाने मागच्या दाराने परत यायला नको.

‘आम्ही फुकट देतो आणि पेढी विकते’ ही तक्रार हमखास ऐकू येते. रक्ताला किंमत लावता येत नाही. पिशवी, चाचण्या, घटक वेगळे करणे, साठवण यांचा प्रक्रिया खर्च तेवढा घेता येतो, त्यालाही मर्यादा ठरवून दिलेली आहे. त्याहून जास्त मागितले तर पावती मागावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. त्या रागापायी रक्त देणेच सोडले तर शिक्षा होते ती खाटेवरच्या माणसाला.

कोणी द्यावे, कोणी थांबावे

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलिलिटरही घेता येते. साठी उलटलेल्यांनी पहिल्यांदाच द्यायचे ठरवू नये. पूर्वीपासून देणाऱ्यांनी पासष्टपर्यंत द्यावे. पुरुषांनी ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असेल, मधुमेह गोळ्यांवर स्थिर असेल, तर डॉक्टर तपासून ठरवतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. मलेरिया होऊन तीन महिने झाले नसतील, टायफॉइड होऊन किंवा गोंदण काढून वर्ष झाले नसेल, तर थांबावे. बाळंतपणानंतर वर्षभर, आणि मूल अंगावर पीत असेपर्यंत, नाही. मासिक पाळीच्या दिवसांतही नाही.

स्त्रियांपैकी पुष्कळ जणींना ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून परत जावे लागते आणि त्या खट्टू होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे परत गेलेली बाई एकटी नाही. तिला तिचा आकडा फुकटात कळला, हा तिचा लाभच आहे. तो आकडा कागदावर लिहून घ्यावा, डॉक्टरांना दाखवावा, लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. आयोजकांनी शिबिरात या बायकांसाठी एक टेबल ठेवून तिथेच सल्ला देण्याची व्यवस्था केली, तर तेवढ्यानेच शिबिराचे अर्धे चीज होते.

गावी निघालेल्या विद्यार्थ्यांसाठीही थोडे. २६ जानेवारीला ज्या मुलांनी रक्त दिले, त्यांचे ९० दिवस २६ एप्रिलला भरतात, मुलींचे १२० दिवस २६ मे रोजी. म्हणजे तुम्ही पुन्हा द्यायला पात्र होता ते नेमके घरी असताना! रक्तदात्याचे कार्ड बॅगेत टाका आणि तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत जाऊन द्या. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ इथेही मे महिना असतोच. कुठल्या पेढीत कोणत्या गटाचे किती रक्त आहे, हे केंद्र सरकारच्या ई-रक्तकोष या संकेतस्थळावर पाहता येते.

निगेटिव्ह गटाच्या मंडळींची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे शंभरात साधारण पाचच माणसे निगेटिव्ह गटाची. वसतिगृहांच्या फलकांवर आणि आता फोनमधल्या गटांवर त्यांच्या याद्या असतात, रात्री दोन वाजता त्यांनाच उठवले जाते. मे महिन्यात यादीतला नंबर लागतो, पण पलीकडून उत्तर येते, ‘सर, मी तर गोंदियाला आहे.’ गावात कायम राहणाऱ्या निगेटिव्ह गटाच्या नागरिकांनी आपले नाव आणि फोन रक्तपेढीत नोंदवून ठेवावा. शिबिरात देण्याची त्यांनी घाई करू नये. पेढी सांगेल तेव्हा द्यावे. आणि ज्याला आपला गटच ठाऊक नाही, त्याने या सुट्टीत तो तपासून घ्यावा. बोटातून एक थेंब, पाच मिनिटांचे काम.